रेघ कुठे मारायची?

१९७६ साली ‘कॅन्सर’ या वैद्यकीय नियतकालिकात चार्ल्स मर्टेल आणि जेम्स हॅन्ली यांचा एक लेख छापून आला. त्यातला प्रयोग पोरखेळ वाटावा इतका साधा आहे. बारा भरीव गोळे मऊ गादीवर मांडले, वरून फोमचा थर पसरला आणि सोळा अनुभवी कर्करोगतज्ज्ञांना बोलावलं. पेशंटच्या पोटातली गाठ रोज जशी चाचपून मोजता तसेच हे गोळे मोजा, असं त्यांना सांगितलं. हाताशी फूटपट्टी किंवा कॅलिपर, बाकी सगळी भिस्त बोटांवर. काही गोळे एकाच मापाचे होते, हे मात्र तज्ज्ञांना ठाऊक नव्हतं.

गोळे वाढणारे नव्हते, आटणारेही नव्हते. तरी आकडे हलले. एकाच तज्ज्ञाने सारख्याच मापाचे दोन गोळे वेगवेगळे मोजले. दोन तज्ज्ञांमधला फरक तर आणखी मोठा निघाला. त्या काळी गाठीच्या लांबी-रुंदीचा गुणाकार करत आणि तो किती घटला यावरून औषध लागू पडलं की नाही ते ठरवत. मर्टेल आणि हॅन्ली यांनी हिशेब मांडला. २५ टक्के घट पुरेशी मानली, तर निव्वळ मोजणाऱ्याच्या हातामुळे चार-पाच वेळांतून एकदा औषध ‘लागू’ पडल्याचं दिसेल. औषधाचा थेंबही न देता! घट निदान ५० टक्के हवी असं म्हटलं, तर हीच फसगत शंभरात सात-आठ वेळांवर येते.

औषधांच्या चाचण्यांत पुढे ५० टक्क्यांचाच निकष रुळला. २००० साली ‘रेसिस्ट’ नावाची नियमावली आली. तिने गुणाकार सोडून गाठीचा सर्वांत लांब व्यास तेवढा मोजायला सांगितलं आणि घटीची अट ३० टक्क्यांवर आणली. वरकरणी ही ढिलाई वाटते. पण व्यास ३० टक्क्यांनी घटला की दोन व्यासांचा गुणाकार जवळपास निम्मा होतो, म्हणजे अट तीच राहिली. ‘ट्यूमर रिस्पॉन्ड करतोय’ हे वाक्य आज नातेवाइकांना सांगितलं जातं, त्याच्या मुळाशी बऱ्याच अंशी फोमखालचे ते बारा गोळे आहेत.

आता बोटांनी चाचपायची गरज उरलेली नाही. गाठ पडद्यावर दिसते, माउसच्या दोन क्लिकमध्ये तिच्या आरपार रेघ येते आणि रेघेशेजारी आकडा उमटतो: २३.४ मिमी. तो रिपोर्टमध्ये छापला जातो, घरी येतो, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो. ‘मागच्या वेळी २१.८ होती, आता २३.४ झाली’ एवढ्यावर घराची झोप उडते. ही रेघ कोण मारतं, कुठे मारतं, आणि दशांश चिन्हानंतरच्या त्या चाराला किती किंमत द्यायची, ते बघायला हवं.

*

सीटी स्कॅनची फिल्म आपण खिडकीकडे धरून बघतो. यंत्राच्या लेखी मात्र स्कॅन म्हणजे आकड्यांचा तक्ता. ही करामत गॉडफ्रे हाउन्सफील्ड या ब्रिटिश इंजिनिअरची. विद्यापीठाची पदवी नाही, नोकरी ईएमआय या ग्रामोफोन रेकॉर्डमुळे घरोघरी ठाऊक असलेल्या कंपनीत. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये, विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात त्याच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. चित्र ८० गुणिले ८० चौकटींचं, म्हणजे एकूण ६,४०० आकडे. १९७९चं नोबेल त्याला अ‍ॅलन कॉर्मॅकसोबत मिळालं आणि या आकड्यांच्या मोजपट्टीलाही त्याचंच नाव लागलं. या पट्टीवर पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, स्नायू ४० ते ६०, आणि हाड काही शेकड्यांत.

आज एका कापात, म्हणजे ‘स्लाइस’मध्ये, ५१२ गुणिले ५१२ चौकटी असतात. छातीचे एकेक मिलिमीटरचे ३०० स्लाइस धरले तर आकडे पावणेआठ कोटींच्या वर जातात. एवढी रेंज करड्या छटांत एकदम दाखवता येत नाही, आणि दाखवली तरी डोळ्याला तेवढ्या छटा ओळखता येत नाहीत. म्हणून रेडिऑलॉजिस्ट ‘विंडो’ बदलत राहतो. फुफ्फुसाची विंडो लावली की गाठ जराशी मोठी दिसते. मऊ भागांची विंडो लावली की तिचा कडेचा धूसर पट्टा काळ्यात विरतो आणि तीच गाठ लहान दिसते. खालचे आकडे तेच असतात, रेघ मात्र जागा बदलते.

इथे आपल्याकडच्या एका सवयीबद्दल बोललं पाहिजे. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरायची, मोबाइलने फोटो काढायचा आणि ओळखीच्या डॉक्टरला पाठवून द्यायचा: ‘जरा बघून सांगा ना.’ मूळ फाइल ‘डायकॉम’ नावाच्या ठरलेल्या स्वरूपात असते. एक चौकट किती मिलिमीटरची, स्लाइस किती जाड, कुठल्या यंत्रावर काढलेला, सगळी कुंडली ती सोबत बाळगते. मोबाइलच्या फोटोत यातलं काही उरत नाही. त्यावरून ओळखीचा डॉक्टर मोडलेलं हाड कदाचित सांगेल, मोठा रक्तस्राव ओळखेल. गाठ वाढली का, हे त्याला सांगता येणार नाही, आणि सांगितलंच तर ते मनावर घेऊ नये.

खरी अडचण कडेची आहे. छातीच्या स्कॅनमध्ये एक चौकट साधारण ०.७ मिमीची. फुफ्फुसातली ६ मिमीची गाठ म्हणजे आडव्या रांगेत आठ-नऊ चौकटी. मधल्या चौकटींबद्दल वाद नाही, तिथे गाठच आहे. कडेच्या चौकटीत निम्मी गाठ आणि निम्मं हवेने भरलेलं फुफ्फुस. चौकटीला आकडा एकच मिळतो, म्हणून ती सरासरी सांगते: गाठीचे ४०, फुफ्फुसाचे उणे ८५०, उत्तर उणे ४००च्या आसपास. ही चौकट गाठीत धरायची की बाहेर? शरीरात गाठीला कड असेल, चित्रात मात्र तिथे उतार असतो आणि त्या उतारावर कुठे तरी खुंटी ठोकावी लागते. दोन्ही बाजूंना एकेक चौकट बाहेर सरकलो तर ६ मिमीची गाठ ७.४ मिमीची होते. तिचं आकारमान ११३ घन मिमीवरून २१२वर जातं, जवळजवळ दुप्पट. पेशंटच्या छातीत तोवर काहीच घडलेलं नसतं.

यात बाकीच्या गोष्टी भर घालतात. ५ मिमीचे जाड स्लाइस घेतले तर ही गाठ दोन-तीन स्लाइसमध्येच संपते. एका वेळी पेशंटने श्वास खोल घेतला, दुसऱ्या वेळी अर्धवट घेतला. एका सेंटरने चित्र धारदार करणारी प्रक्रिया वापरली, दुसऱ्याने गुळगुळीत करणारी. दोन रिपोर्टांतल्या दीड मिलिमीटरच्या फरकात गाठीचा वाटा किती आणि या सगळ्याचा किती, हे रिपोर्टच्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. माझी तक्रार नेमकी इथे आहे. बाजारात सोनं तोलून देणारा तराजूची अचूकता सांगायला बांधील असतो. माणसाचं फुफ्फुस मोजून देणाऱ्यावर तसं बंधन नाही.

*

मेडिकल कॉलेजांत आणि प्रयोगशाळांत मोजणीच्या सॉफ्टवेअरचा विषय निघाला की एक नाव हमखास येतं: इमेजजे. वेन रासबँड हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत, मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे नोकरीला असलेला प्रोग्रामर होता. १९८७ साली त्याने मॅकिन्टॉशसाठी ‘एनआयएच इमेज’ लिहिलं आणि १९९७ साली कुठल्याही कॉम्प्युटरवर चालावं म्हणून जावा भाषेत इमेजजे नव्याने लिहायला घेतलं. त्यावर कुणाचीही मालकी नाही. फुकट उतरवून घ्यायचं, आतला कोड वाचायचा, हवा तो जोडतुकडा स्वतः लिहून जोडायचा. ज्या विभागाला महागड्या सॉफ्टवेअरचं वर्षाचं शुल्क परवडत नाही, तिथल्या विद्यार्थ्याचा प्रबंधही यावर उभा राहू शकतो. सरकारी पैशाने विज्ञानाला काय दिलं याची यादी करायची झाली, तर हे नाव मी बरंच वर घालीन.

काम कसं चालतं? फाइल डायकॉम असेल तर माप आपोआप वाचलं जातं. साधं चित्र असेल तर त्यातल्या मोजपट्टीवर रेघ ओढून ‘ही १० मिमी’ असं प्रोग्रामला सांगावं लागतं. ही पायरी विसरली की उत्तर पिक्सेलमध्ये येतं. मग मोजायच्या भागाभोवती माउसने कुंपण घालायचं आणि ‘मेजर’ म्हणायचं. समोर तक्ता येतो: क्षेत्रफळ, सरासरी घनता, किमान, कमाल. सगळं तीन दशांश स्थळांपर्यंत. २७.३८४ चौरस मिमी! कुंपण घालताना मनगट जरा बाहेरून फिरलं असतं तर तिथे २९.१०६ आलं असतं, तेही तितक्याच आत्मविश्वासाने. दशांश स्थळं प्रोग्रामची असतात, कुंपण माणसाचं.

यावरचा उपाय जुना आहे आणि त्याला एक पैसा लागत नाही. त्याच माणसाने काही दिवसांनी, पहिलं उत्तर न बघता पुन्हा मोजायचं. मग दुसऱ्याने मोजायचं. मार्टिन ब्लँड आणि डग्लस ऑल्टमन या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं की दोघांची मापं जुळतात का, हे सहसंबंधाच्या आकड्यावरून ठरवणं फसवं आहे. एकाने दर वेळी दुसऱ्यापेक्षा बरोबर २ मिमी जास्त मोजलं, तरी सहसंबंध शंभर टक्के येतो. त्यांनी सांगितलं, दोघांमधला फरकच आलेखावर मांडा आणि तो कुठून कुठपर्यंत पसरतो ते बघा. हा लेख वैद्यकातल्या सर्वाधिक उद्धृत लेखांपैकी एक आहे. तरी सहसंबंधाचा आकडा छातीवर मिरवणारे प्रबंध अजून निघतातच.

दुसऱ्या टोकाला एक मोजणी अशी आहे की तिला सॉफ्टवेअर लागतच नाही. १९९६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीच्या रश्मी कोठारी आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या रक्तस्रावाचं आकारमान काढायची झटपट रीत ‘स्ट्रोक’ या नियतकालिकात मांडली. रक्ताच्या डागाची लांबी, तिला काटकोनात रुंदी आणि किती स्लाइसमध्ये दिसतो त्यावरून उंची. तिन्हींचा गुणाकार करा आणि दोनाने भागा. लंबगोलाच्या सूत्रात ‘पाय भागिले सहा’ येतं, ते साधारण अर्ध्याइतकंच, म्हणून दोन. रात्री तीन वाजता इमर्जन्सीत उभ्या असलेल्या डॉक्टरला रक्त ३० मिलिलिटरच्या आत आहे की बाहेर, एवढंच आधी हवं असतं, कारण पेशंट वाचण्याच्या शक्यतेच्या मोजणीत तो आकडा धरतात. ही रीत ओबडधोबड आहे, आणि वापरणाऱ्याला ते माहीत असतं. तीन दशांश स्थळांपेक्षा मला हा प्रामाणिकपणा जास्त भरवशाचा वाटतो.

*

सॉफ्टवेअरने मोजल्यामुळे खरोखर फरक पडला, तो फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीत. अमेरिकेत फार सिगारेट ओढणाऱ्यांची सीटीने तपासणी करण्याची एक प्रचंड चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०११ साली आले. तिथे गाठीचा व्यास मोजत होते, ४ मिमी किंवा जास्त असेल तर संशयित. तपासणीतल्या जवळपास चौथाई स्कॅनमध्ये काही ना काही संशयित निघालं आणि त्यातलं ९६ टक्के पुढे कर्करोग नव्हताच. मृत्यू कमी झाले हे खरं. पण हजारो धडधाकट माणसं महिनोन् महिने जीव मुठीत धरून बसली, हेही खरं.

नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या ‘नेल्सन’ चाचणीने दुसरी वाट धरली. तिथे व्यासाऐवजी सॉफ्टवेअरने गाठीचं आकारमान काढलं. ५० घन मिमीच्या आत असेल तर सोडून द्या, ५००च्या वर असेल तर लगेच पुढे पाठवा. मधल्यांना थोड्या महिन्यांनी पुन्हा बोलवा आणि गाठ दुप्पट व्हायला किती दिवस लागतील ते बघा. ४०० दिवसांच्या आत दुप्पट होणारी गाठ संशयित. २०२० साली निष्कर्ष आले. दहा वर्षांत पुरुषांमधले फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनी कमी, आणि पुढच्या तपासण्यांसाठी पाठवावं लागलं ते अवघ्या २.१ टक्के स्कॅनना.

यामागचं गणित शाळेतलं आहे. १० मिमीची गोल गाठ १२.६ मिमीची झाली, तर डोळ्याला आणि कॅलिपरला ती ‘थोडी वाढली’. आकारमानाने ती दुप्पट झालेली असते. व्यासातला छोटा फरक मोजणीच्या चुकीत बुडून जातो, आकारमान तोच फरक तिप्पट मोठा करून दाखवतं. अर्थात चूकही तशीच मोठी होते. म्हणून नेल्सनवाल्यांनी पहिल्यापासून ठरवून टाकलं की आकारमान २५ टक्क्यांहून कमी बदललं तर ती वाढ धरायचीच नाही. किती चूक होऊ शकते हे आधी मोजलं आणि तेवढी जागा निकषातच सोडली. त्यांचं यश मला सॉफ्टवेअरपेक्षा या सोडलेल्या जागेत दिसतं.

हा निकष जसाच्या तसा उचलून आपल्याकडे लावता येणार नाही. आपल्या फुफ्फुसांत जुन्या क्षयाच्या भरून आलेल्या खुणा भरपूर. नेदरलँड्समधल्या स्कॅनवर जी गाठ भुवया उंचावते, ती नाशिकच्या स्कॅनवर तीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या टीबीचा खडा असू शकते.

*

मग ही रेघ मारायचं काम यंत्राकडेच का सोपवू नये? तसं सोपवणं सुरू झालं आहे. २०१५ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून ‘यू-नेट’ नावाची रचना आली आणि चित्रातले अवयव वेगळे करण्याच्या कामात क्रांती झाली. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी केलेलं एक मोफत साधन आता सीटीमधल्या शंभराहून जास्त रचना, म्हणजे हाडं, स्नायू, यकृत, मूत्रपिंडं, स्वतःहून रंगवून देतं. मुंबईच्या क्यूअर डॉट एआय कंपनीने डोक्याच्या तीन लाखांहून जास्त सीटी स्कॅनवर काम करून रक्तस्राव आणि कवटीचे तडे ओळखणारी प्रणाली केली. ते संशोधन २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं. भाषणांतून ही नावं आपण पुष्कळ ऐकतो, म्हणून त्यांच्यावर इथे फार शाई घालत नाही.

मला जास्त बोलका वाटतो तो या यंत्रांचा अभ्यासक्रम. फुफ्फुसातल्या गाठी ओळखायला शिकवण्यासाठी जगभर वापरला जाणारा एक जुना साठा अमेरिकेत तयार झाला: १,०१८ स्कॅन, प्रत्येक स्कॅन चार अनुभवी रेडिऑलॉजिस्टांनी बघितलेला. आधी प्रत्येकाने एकट्याने खुणा केल्या. मग बाकीच्या तिघांच्या खुणा दाखवून, हव्या तर आपल्या बदला, अशी मुभा दिली. निदान एकाने तरी ‘ही ३ मिमी किंवा मोठी गाठ’ म्हटलं अशा जागा निघाल्या २,६६९. चौघांचंही एकमत झालं अशा ९२८. जेमतेम एक तृतीयांश! कड कुठे आहे हा प्रश्न पुढचा, गाठ आहे का इथेच चौघे पांगले. यंत्राला ‘खरं उत्तर’ म्हणून जे शिकवतात ते हे.

यंत्र थकत नाही, मूड बदलत नाही, तोच स्कॅन शंभर वेळा दिला तर शंभर वेळा तेच उत्तर देतं. पण तेच उत्तर येणं आणि बरोबर उत्तर येणं यांत फरक आहे. आणि तेच उत्तर येण्याचीही एक अट असते: प्रोग्राम तोच हवा. मेंदूचे भाग मोजण्यासाठी बॉस्टनमध्ये तयार झालेलं ‘फ्रीसर्फर’ जगभर वापरतात. २०१२ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी तेच स्कॅन त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांतून काढून बघितले. आवृत्ती बदलल्याने मेंदूच्या भागांची आकारमानं सरासरी ८.८ टक्क्यांनी हलली. कॉम्प्युटर बदलला, त्याची ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, तरी फरक पडला. आता शेजारी हा आकडा ठेवा: स्मरणशक्तीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग अल्झायमरमध्ये वर्षाला साधारण ४ ते ५ टक्क्यांनी आटतो, निरोगी म्हातारपणी दीड टक्क्याच्या आसपास. दोन स्कॅनच्या मध्ये कुणी सॉफ्टवेअर अपडेट केलं, तर आजाराच्या एका वर्षाहून मोठा फरक नुसत्या अपडेटने दिसू शकतो. रिपोर्टवर डॉक्टरची सही असते, यंत्राचं नाव असतं. सॉफ्टवेअरची आवृत्ती छापलेला रिपोर्ट क्वचितच हाती पडतो.

मोजलेला आकडा कशाशी ताडायचा, हा आणखी एक गुंता. मेंदूच्या नकाशांत बराच काळ प्रमाण मानला गेलेला तालेराक-तूर्नू यांचा १९८८चा नकाशा एकाच मेंदूवरून काढलेला होता, साठीतल्या एका फ्रेंच स्त्रीच्या. पुढे मॉन्ट्रियलमध्ये शेकडो स्कॅनच्या सरासरीतून नकाशे झाले, तेही पाश्चात्त्यांचेच. २०१९ साली हैदराबादच्या आयआयआयटीने शंभर भारतीय तरुण-तरुणींच्या स्कॅनवरून नकाशा तयार केला. त्यात भारतीय मेंदूची लांबी, रुंदी, उंची सरासरीने पाश्चात्त्य नकाशाहून कमी भरली. याचा बुद्धीशी काडीचा संबंध नाही, पण ‘आटलेला’ असा शेरा मारण्याआधी आटलेला कुणाच्या तुलनेत, हे विचारावं लागतं.

*

हाच प्रश्न गर्भाबाबत विचारला गेला, आणि त्याच्या उत्तरात नागपूरचा वाटा आहे.

सोनोग्राफीत बाळाच्या डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात. त्यावरून वय आणि वजन काढायची सूत्रं १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या फ्रँक हॅडलॉक यांनी दिली. आपल्याकडच्या बहुतेक मशीनमध्ये आजही तीच भरलेली असतात. ऑक्सफर्डच्या पुढाकाराने ‘इंटरग्रोथ-२१’ हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा त्याला जाणून घ्यायचं होतं, की आई निरोगी असेल, खाऊनपिऊन सुखी असेल, तर जगात कुठेही बाळ सारखंच वाढतं का? आठ ठिकाणं निवडली: ब्राझीलमधलं पेलोतास, इटलीतलं तुरिन, ओमानमधलं मस्कत, ऑक्सफर्ड, सिएटल, बीजिंगचा शुन्यी भाग, नैरोबीचं पार्कलँड्स आणि नागपूरचा मध्यवर्ती भाग. १३,१०८ गर्भवतींची चौकशी झाली, ४,६०७ जणी निकषांत बसल्या, ४,३२१ जणींची मापं शेवटी धरली. निष्कर्ष २०१४ साली आले. बाळांच्या मापांतल्या एकूण फरकापैकी ठिकाणामुळे पडणारा फरक साडेतीन टक्क्यांच्या आतच होता.

या निष्कर्षावर वाद आहेत. अमेरिकेतल्या एका अभ्यासाने २०१५ साली वंशानुसार फरक दाखवला, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७च्या तक्त्यांतही देशादेशांत फरक दिसला. त्या तक्त्यांतही भारत होता. तो वाद तज्ज्ञांवर सोडू. मला भावली ती नागपूरसह आठही ठिकाणची मोजायची शिस्त. प्रत्येक माप तीन वेळा घ्यायचं, दर वेळी चित्र नव्याने पकडून. आणि मोजताना मशीनच्या पडद्यावर आकडा दिसू द्यायचा नाही! मोजणारी फक्त कडेवर खुणा ठेवणार, आकडा मागे परस्पर साठणार. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. पडद्यावर ‘२८ आठवडे’ दिसलं आणि तारखेच्या हिशेबाने २९ यायला हवेत, की अनुभवी हातही खूण केसभर सरकवतो. त्यात लबाडी नसते, अपेक्षा असते. खूण नेमकी कुठे ठेवायची, हेही ठरवून दिलं होतं. डोक्याची रुंदी मोजताना हॅडलॉकच्या रीतीत एका बाजूच्या कवटीच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या आतल्या कडेपर्यंत जातात. इथे बाहेरून बाहेर. कवटीच्या जाडीएवढा फरक इथेच पडतो. एका रीतीचं माप दुसऱ्या रीतीच्या तक्त्यात घातलं की बाळ दिवसांनी पुढे किंवा मागे जातं.

महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९८८ साली, देशात सर्वांत आधी केला. त्यामुळे आपल्याकडे सोनोग्राफीच्या खोलीत काय सांगायचं नाही, याचा फलक भिंतीवर असतो. काय सांगायला हवं, याचा नसतो. ‘बाळाचं वजन २.८ किलो’ असं रिपोर्टमध्ये असतं, तेव्हा सूत्राची चूक १५ टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे धरली तर बाळ २.४चं असू शकतं आणि ३.२चंही. सासूबाई मात्र दोन सोनोग्राफींतल्या शंभर ग्रॅमवरून सुनेला तूप वाढवतात.

आकड्यापुढे ‘अधिक-उणे’ छापणं अवघड नाही. सॉफ्टवेअर ते करू शकतं, आणि मोजणाऱ्यांनी आपल्या हाताची चूक एकदा मोजून ठेवली तर ती कायमची माहीत असते. रिपोर्टच्या तळाशी दोन ओळी पुरतील: स्लाइस किती जाड, मोजलं कशाने, कुठल्या आवृत्तीने, आणि किती मिलिमीटरच्या आतला फरक आम्ही फरक मानत नाही. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनांनी हे मनावर घ्यावं.

तोवर वाचकांसाठी एवढंच. गाठ, फुगलेली रक्तवाहिनी किंवा असंच काही वर्षानुवर्षं मोजत राहायचं असेल, तर शक्यतो एकाच सेंटरला जा आणि मागच्या वेळेसारखाच स्कॅन करायला सांगा. फिल्मसोबत डायकॉम फाइलची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्या. फिल्म हरवली तरी चालेल, ही फाइल हरवू देऊ नका. पुढच्या वेळी जाताना जुनी सीडी न्या आणि दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून, एकाच माणसाने, एकाच रीतीने मोजावेत अशी विनंती करा. नुसत्या दोन रिपोर्टांतले आकडे घरी बसून वजा करू नका.